दाणे फुटलेला फोटो

"कुठे आहे काका? दाखवा ना मला, लगेच परत आणतो," असं म्हणून त्या मुलानं स्क्रीनवर आईची हनुवटी मोठी केली. आणखी मोठी केली. मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर चढवला, बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. समोर नुसते दाणे होते. काळे, करडे, एकमेकांच्या अंगावर चढलेले, वारूळ फुटल्यावर मुंग्या पसराव्यात तसे. त्यांतला आईच्या हनुवटीवरच्या गोंदणाचा ठिपका कोणता, ते मला सांगता येईना. तो मुलगा माउस धरून माझ्या बोटाकडे बघत थांबला होता. बाहेर कॉलेज रोडवर संध्याकाळची गर्दी वाहत होती आणि मी माझ्याच आईच्या हनुवटीवर रस्ता चुकल्यासारखा बसून होतो.

झालं होतं ते एवढंच. ताईनं पाथर्डी फाट्याला नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या आधी तिनं मला फोन केला, "दादांचा फोटो आहे माझ्याकडे, आईचाही हवा. पण लग्नानंतरचा तो स्टुडिओतला नको. आपल्याला आठवते ना, तशी आई हवी." मी माळ्यावरची बिस्किटांची पत्र्याची पेटी काढली, निगेटिव्हच्या पट्ट्या खिडकीसमोर धरून दोन दुपारी घालवल्या आणि शेवटी एक पट्टी सापडली. ती स्कॅन करायला लॅबमध्ये दिली. दोन दिवसांनी गेलो तर त्या मुलानं माझ्यासाठी जास्तीचं काम करून ठेवलेलं. "खूप नॉइज होती काका. सगळी काढून टाकली. बघा आता." स्क्रीनवर एक बाई होती. गाल मेणासारखे नितळ, भांग रेघ मारल्यासारखा सरळ, डोळ्यांत दिव्याचा एक ठिपका चमकतोय. आईसारखी होती. आईची एखादी मावसबहीण असावी, आणि तिला आयुष्यात कधी उन्हात उभं राहावं लागलं नसावं, अशी. मी म्हणालो, गोंदण गेलं रे तिचं. त्यावर तो मूळ स्कॅन उघडून म्हणाला, कुठे आहे, दाखवा.

त्या मुलाचा मला राग आला नाही. त्यानं मन लावून केलं होतं आणि जास्तीचे पैसेही घेतले नाहीत. राग आला तो त्या हवेत राहिलेल्या बोटाचा.

आमच्या घरात आईचे फोटो म्हणायचे तर तीन प्रकारचे. पहिला १९५८ सालचा, लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला. दादा खुर्चीवर, आई शेजारी उभी, मागे पडद्यावर रंगवलेला जिना. त्या फोटोत आईच्या हनुवटीवर गोंदण नाही. ती सिन्नरकडची, लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं, हनुवटीवर एक हिरवट ठिपका आणि मनगटावर तुळशीवृंदावन. मग फोटोत का नाही, हे मला पुढे पंचवीस वर्षांनी कळलं, जेव्हा रविवार कारंजाजवळच्या एका स्टुडिओत मी संध्याकाळी फुकट राबायला जाऊ लागलो. तिथे मास्तर खिडकीपाशी उताराच्या टेबलावर बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे. काचपेपरवर घासून घासून शिशाचं टोक सुईसारखं लांब केलेलं असायचं. निगेटिव्हवर आधी वार्निशसारखं एक औषध चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. मग देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, तीळ, सुरकुत्या, जे जे कागदावर काळं उमटणार ते निगेटिव्हमध्ये फिकट दिसतं, तिथे पेन्सिलीचे बारीक बारीक स्पर्श द्यायचे. फिकट जागा भरली की कागदावर वण नाहीसा. मास्तरांच्या हातून त्या काळात निम्म्या नाशिकच्या नवरीमुली नितळ होऊन गेल्या असतील. आईचं गोंदणही अशाच कुणीतरी, कामात चोख असलेल्या माणसानं, पेन्सिलीनं बुजवलं. त्या हातात आणि कॉलेज रोडवरच्या त्या मुलाच्या माउसमध्ये मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही माणूस बरा दिसावा असंच वाटत होतं.

दुसऱ्या प्रकारचे फोटो म्हणजे लग्नामुंजींतले. त्यांत आई आहे, पण कुणाच्या तरी खांद्यामागे, हातात ताट, मान वळलेली. आणि तिसरा, ही निगेटिव्ह. ती मी स्वतः काढलेली. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी दाण्यांबद्दल सांगावं लागेल, कारण ती काढली तेव्हा माझं सगळं लक्ष दाण्यांवर होतं.

स्टुडिओत ग्रेन, म्हणजे फोटोतले हे दाणे, हा शब्द तक्रारीत यायचा. "दाणे फुटलेत" असं मास्तर म्हणाले की धुणाऱ्या पोराचं तोंड उतरायचं. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं औषध, गरम झाला असेल, रोल जास्त वेळ आत राहिला असेल, कमी उजेडात काढलेलं बळेच उजळवलं असेल. काही ना काही चुकलेलं असणारच. घरी दादांचंही तेच. ते नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. केसाहून बारीक रेषा, एकीला दुसरी चिकटता कामा नये, हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मी पहिल्यांदा मुद्दाम दाणेदार काढलेला फोटो त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि शांतपणे म्हणाले, "ह्याची शाई फुटलीय." परत दिला. त्यांच्या हिशेबात तो कागद रद्दीतला.

पण मला ते हवंच होतं. रद्दीच्या दुकानात जुन्या परदेशी मासिकांमध्ये असे फोटो मी पाहिले होते. पावसातला रस्ता, बारमध्ये बसलेला माणूस, पळणारा घोळका. आणि सगळ्यांवर ती वाळूसारखी खर. बोट फिरवलं तर हाताला लागेल अशी. त्या फोटोंपुढे आमच्या स्टुडिओतले गुळगुळीत चेहरे मला धुतलेल्या कपबशांसारखे वाटायचे. वयही तसंच होतं, तेवीस. खरं म्हणजे काय, ते त्या खरखरीत आहे, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

मग सुरू झालं दाणे काढायचं वेड. पहाटे पंचवटी एक्स्प्रेसनं व्हीटीला उतरायचं, समोरच्या बोराबाजारात जायचं आणि ट्राय-एक्सचे रोल आणायचे. ट्राय-एक्स ही पस्तीस मिलिमीटरमध्ये १९५४ पासूनची फिल्म; मी आणायचो ती ४०० एएसएची, म्हणजे थोडक्या उजेडातही चालणारी. पैसे कमी असले की ऊटीला तयार होणारी इंदू. पण इंदूला वेग कमी, म्हणजे दाणा बारीक. मला ते नको असायचं. फिल्म जितकी जलद तितके तिच्यातले स्फटिक मोठे, कारण मोठ्या स्फटिकाला थोडक्या उजेडातही काहीतरी गवसतं. शेतात मोठं फडकं अंथरलं तर त्यावर जास्त दव पडतं, तसं. मग ४०० ची फिल्म १६०० ची समजून उजेड चौथाच द्यायचा आणि धुताना ओढून काढायची. कॅमेरा सेकंडहँड झेनिट, वीटभर वजनाचा, त्यावर अठ्ठावन्न मिलिमीटरची हेलिओस लेन्स. शटर सुटलं की घराला कळायचं.

खरी मजा धुण्यात होती. डी-७६ नावाचा डेव्हलपर मी घरीच मिसळायचो. लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सराफ बाजारातून आणलेला जुना तराजू, कागदाच्या पुड्या, आणि हाताला दिवसभर येणारा तो धातूचा वास. आईला तो वास आवडायचा नाही. "हात धुऊन ये, मग भाकरी घे," हे रोजचं. त्या १०० ग्रॅम सल्फाइटचं एक काम असं की ते दाण्यांच्या कडा किंचित विरघळवतं, म्हणून चित्र मऊ पडतं. तेच औषध बरोबरीच्या पाण्यानं पातळ केलं की सल्फाइट निम्म्यावर येतं आणि दाण्याला धार येते. जुने लोक रोडिनालबद्दल बोलायचे. १८९१ सालापासूनचं ते औषध, थेंबाथेंबानं भरपूर पाण्यात घालायचं, दाणा अजिबात न झाकणारं. मला ते कधी मिळालं नाही. मी त्याहून धसमुसळा मार्ग काढला. कागद धुवायचा जो कडक डेव्हलपर असतो त्यातच फिल्म धुतली. मास्तरांना कळलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. पण दाणे असे आले की भिंगाची गरज नाही. मग निगेटिव्हचा छोटासा तुकडाच तेवढा मोठा करायचा आणि तोही चार नंबरच्या कडक ब्रोमाइड कागदावर, म्हणजे करडं कमी, काळं-पांढरं जास्त. एका मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी आणि माठातलं गार पाणी असं एकापाठोपाठ वापरलं. फिल्मवरचं जिलेटिन फुगून आकसलं आणि सगळ्या रोलला तळ्याच्या सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडल्या. तो दाणा नव्हे, ती नासाडी. मास्तरांनी ती पट्टी उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "दाण्यासाठी शेत जाळलंस."

१९८७ च्या डिसेंबरातली सकाळ. तिवंध्याजवळच्या वाड्यात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि तिच्या दाराशी बंब. त्या खोलीला खिडकी नव्हती. वर कौलांत एक काच बसवलेली, तिच्यातून साडेनऊच्या सुमाराला उजेडाचा एक पट्टा तिरका खाली यायचा आणि वीस-पंचवीस मिनिटांत भिंतीवर चढून निघून जायचा. थंडीत बंब पेटवला की गोवऱ्यांचा धूर त्या पट्ट्यात शिरायचा आणि पट्टा दिसू लागायचा. नुसता उजेड नव्हे, त्याला अंग यायचं. मी कित्येक दिवस तो बघत होतो. करड्या रंगाचा एवढा सलग तुकडा म्हणजे दाण्यांसाठी जागाच. अगदी काळ्यात आणि अगदी पांढऱ्यात दाणा लपतो, मधल्या करड्यात तो उघडा पडतो. आभाळ, भिंत, धूर. त्या दिवशी मी दारात बसलो, हेलिओस पूर्ण उघडी, शटर तीसवर, श्वास धरून.

पट्ट्याच्या बरोबर मध्ये आई बसली होती. मांडीवर सूप, तांदूळ निवडत होती.

मी म्हणालो, "आई, जरा बाजूला सरक."

ती सरकली. "सरकते बाबा," म्हणाली, सूप उचललं, दीड-दोन हात भिंतीकडे गेली आणि पुन्हा निवडायला लागली. मी बारा फ्रेम काढल्या. काच, पट्टा, धूर. सहाव्या-सातव्या फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात ती आली आहे, कारण दारातून तेवढंच मागे सरकता येत होतं. मला ती फ्रेममध्ये नको होती. ती मध्ये का बसली होती, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही, पुढे कित्येक वर्षं आलं नाही. त्या खोलीत तेवढाच उजेड होता. खडे दिसायला तिला तो लागत होता.

त्यातली एक फ्रेम मी मोठी केली. डावा कोपरा कापला, पट्टा तेवढा ठेवला. चार नंबरचा कागद, दाणे साखरेएवढे. ती प्रदर्शनात लागली, लोक लांब उभे राहून, मग जवळ जाऊन बघायचे. जवळ गेलं की धूर नाहीसा व्हायचा आणि नुसते ठिपके उरायचे. मागे आलं की पुन्हा धूर. मास्तरही आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "बरं आहे. पण ह्या खोलीत कुणी राहतं की नाही?" मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

पुढे मी बरंच फिरलो त्या खरखरीच्या मागे. २००३ च्या सिंहस्थात रात्ररात्र तपोवनात साधुग्राममध्ये हिंडलो. तोवर ३२०० असा आकडा डब्यावर छापलेल्या फिल्म आल्या होत्या. धुनीच्या उजेडात, कंदिलाच्या उजेडात फोटो निघायचे. जटा, राख, चिलमीचा धूर, सगळं दाण्यांचंच बनलेलं. ते फोटो आजही लोकांना आवडतात. मला मात्र त्यांच्याकडे बघताना एक गोष्ट टोचते, की त्या अनोळखी माणसांसमोर मी तासन् तास बसलो. त्यांना कधी बाजूला सरका म्हणालो नाही.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, आम्हा नाशिककरांच्या सहलींचं ठिकाण. दादासाहेब त्र्यंबकचे. १९१३ नंतर त्यांनी आपला व्याप नाशकात आणला आणि इथेच १९४४ साली ते गेले. त्या काळातली चित्रं पडद्यावर पाहिली की भिंत नुसती उभी असली तरी सळसळते. प्रत्येक चौकटीत दाण्यांची मांडणी निराळी. सेकंदाला पंधरा-वीस वेळा बदलते, म्हणून काही न घडणारी जागाही जिवंत वाटते. ते बघताना मला नेहमी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवतात. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडायची, औषधं कालवायची, फिल्म धुवायची, वर घरचा आणि कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक. अंधारात हातांनी ओळखून काम करणारी बाई. पडद्यावर बघायला गेलं तर ती कुठे नाही.

लॅबमधून आलो त्या रात्री झोप लागेना. नॉइज हा त्या मुलाचा शब्द डोक्यात फिरत राहिला. त्याच्या कॅमेऱ्यात ती खरी गोष्ट आहे. उजेड कमी पडला की विजेची जी खळबळ होते ती चित्रावर येऊन बसते, पुसली तर चित्र उरतं. फिल्ममध्ये तसं खाली काही उरत नाही. जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे स्फटिक विखुरलेले असतात, एकेक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. उजेड पडला की एखाद्या स्फटिकात चांदीचे चार-पाच अणू एका जागी जमतात. तेवढं पुरतं. डेव्हलपरमध्ये तो अख्खा स्फटिक काळी चांदी होतो. ज्याच्यात ते जमले नाहीत तो हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधात, विरघळून जातो. अर्धा काळा, जरासा करडा असा दाणा नसतोच. करडं जे दिसतं ते किती उरले आणि किती गेले ह्याचं. आणि एकटा दाणा कुणालाच दिसत नाही. थरात खालीवर पडलेले दाणे एकमेकांवर येऊन जे पुंजके होतात तेच आपण दाणे म्हणून बघतो. म्हणजे त्या सकाळी कौलाच्या काचेतून उजेड आला, धुरातून गेला, भिंतीवर आपटला, त्यातला उरलासुरला अंधारात बसलेल्या आईच्या गालावर पडला, तिथून उलटून माझ्या भिंगात आला आणि त्यानं काही दाणे राखले, काही जाऊ दिले. निवडले. मुलानं पुसलं ते हेच. मागे दुसरा चेहरा नव्हताच, म्हणून त्या यंत्राला तो कुठून तरी आणावा लागला.

पण तेवढ्यानं मला मोकळं होता येईना. कारण दाणे एवढे माजले कशानं? उजेड नव्हता म्हणून, आणि उजेडातून तिला मी उठवलं. कोपऱ्यात होती म्हणून, आणि कोपऱ्यात ती मला नको असूनही आली. जन्मभर जो दाणा मी मुद्दाम, पदरचे पैसे घालून मिळवला, तो तिच्या चेहऱ्यावर आला आहे तो माझं लक्ष नव्हतं म्हणून. ती १९९४ साली गेली. मधली सात वर्षं माझ्या हातात कॅमेरा होता.

निगेटिव्हवरून मोठा फोटो करायचा एन्लार्जर माळ्यावर होता. कागद अजून मिळतो, मागवला. औषध पुन्हा तराजूवर मोजून केलं; त्याच पुड्या, तोच वास. निगेटिव्हवर आईचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. बारा इंचांच्या कागदावर तिला सूपासकट घ्यायचं तर तीसपट मोठं करायचं, तेवढी उंची एन्लार्जरच्या दांडीला नाही. मग टेबल कडेला ओढलं, त्यावर ट्रंक, ट्रंकेवर एन्लार्जर, त्याचं डोकं मागे फिरवून उजेड थेट जमिनीवर सोडला आणि ते सगळं पुढे कलंडू नये म्हणून पाटावर पाटा-वरवंट्यातला पाटा ठेवला. आमचं घर इंदिरानगरला, हायवेपासून जवळ. ट्रक गेला की जमीन सूक्ष्म थरथरते. एरवी कळतही नाही, पण तीसपट मोठं केल्यावर कळतं. रात्री अडीचपर्यंत थांबलो.

फोकस चेहऱ्यावर करायचा नसतो. जमिनीवर ग्रेन फोकसर ठेवायचा, त्याच्या आरशातून वर आलेलं चित्र भिंगातून बघायचं, आणि भिंगात माणूस दिसत नाही, दाणे दिसतात. ते अस्पष्ट असतात, मग हळूहळू कडक होतात, मग पुन्हा विरघळू लागतात. कडक झाले तिथे थांबायचं. मी गुडघ्यांवर, गालाला फरशी टेकवून, त्या भिंगाला डोळा लावून होतो. हनुवटीच्या जागेवरच फोकसर ठेवला होता. निगेटिव्ह असल्यामुळे सगळं उलटं. गोंदण काळं म्हणजे इथे ते उजेडाचं छिद्र असायला हवं. छिद्रं शेकडो होती. कागदावर जो काळा ठिपका आपण दाणा म्हणून बघतो तो मुळात दाण्यांमधली मोकळी जागाच असते, तिथून उजेड खाली उतरलेला असतो. एक छिद्र जरा मोठं वाटलं. डोळा किंचित हलवला तर शेजारचं मोठं वाटलं. दूर एक ट्रक आला, सगळे दाणे एकदम शहारले, आणि तो गेल्यावर पुन्हा जागच्या जागी येऊन बसले.

साडेचार मिनिटं उजेड दिला. जानेवारीतलं नाशिक, डेव्हलपर गारठला की हायड्रोक्विनोन काम करत नाही, म्हणून ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवलेला. लाल दिव्यात कागद पांढराच राहिला बराच वेळ. मग सूप आलं आधी, त्याची कड. मग बोटं. चिमटीत काहीतरी धरलेलं आहे, खडा असेल किंवा तांदळाचा दाणाच. मग कपाळ. डोळे खाली आहेत. ती माझ्याकडे बघत नव्हती, सुपाकडेही नव्हती बहुतेक, बोटांनीच चाललं होतं. हनुवटी सर्वांत शेवटी आली, अंधारातून जेमतेम. मी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर उकिडवा बसून ट्रेची कड हलवत राहिलो, थांबवलं तर काहीतरी राहून जाईल असं वाटून.

वाळल्यावर तो फोटो ताईकडे घेऊन गेलो. तिच्या हॉलमध्ये भिंतीवर खिळा तयारच होता. तिनं फोटो हातात घेतला, पहिल्यांदा काहीच बोलली नाही. हात लांब केला, मग जवळ आणला, अगदी दादांसारखी. मी तिला सगळं सांगितलं, आई उजेडात बसली होती, मी आईला सरक म्हणालो, ते सगळं. ताई ऐकून म्हणाली, "ती कुठेही बसून निवडायची रे." आणि पुन्हा फोटोत बघायला लागली.

मग ती उठून बाल्कनीच्या दाराशी गेली, उजेडाला धरून म्हणाली, "आणि हे बघ. गोंदण." तिचं बोट हनुवटीच्या बरोबर मधोमध होतं. तिथे एक काळा पुंजका होता खरा. मी म्हणालो, "मधोमध नव्हतं ताई. डावीकडे होतं, ओठाच्या जरा खाली." "तुला काय माहीत? शेवटचे दोन महिने तोंड मी पुसायचे तिचं." मी फोटो घेतला. डावीकडे, ओठाच्या खाली, तिथेही एक होता. थोडा लहान, पण होता. मी बोट ठेवून तिला दाखवला. ती वाकून बघत राहिली, तिच्या श्वासानं कागदावर किंचित वाफ धरली आणि गेली.

"दे इकडे," असं म्हणून तिनं चष्मा पदराला पुसला आणि फोटो पुन्हा दाराशी नेला.